रिकव्हरी डिस्क नसताना मामांचा लॅपटॉप

साताऱ्याला राहणाऱ्या माझ्या मोठ्या मामांनी निवृत्तीनंतर २०१६ साली घेतलेला लॅपटॉप २०२२ च्या पावसाळ्यात एका सकाळी सुरूच होईना. काळ्या पडद्यावर, बूट करण्यासाठी, म्हणजे लॅपटॉप सुरू करण्यासाठी, काहीही सापडत नाही अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ येत होती आणि आतून हार्ड डिस्कचा टकटक आवाज ऐकू येत होता. मी पोहोचलो तेव्हा मामांनी लॅपटॉपचा मूळ खोका, पावती आणि वॉरंटीची पुस्तिका टेबलावर मांडून ठेवली होती. "सगळं जपून ठेवलंय, पण यात सीडी कुठे दिसत नाही रे," ते म्हणाले. सीडी त्या खोक्यात कधी नव्हतीच.

एके काळी लॅपटॉपसोबत रिकव्हरी डिस्क, म्हणजे बिघाड झाल्यास विंडोज पुन्हा बसवण्याची सीडी किंवा डीव्हीडी, मिळत असे. पुढे बहुतेक कंपन्यांनी ती देणे बंद केले आणि हार्ड डिस्कचाच एक छोटा भाग राखून त्यात विंडोजची मूळ प्रत ठेवायला सुरुवात केली. त्या प्रतीवरून ग्राहकाने स्वतःच रिकव्हरी डिस्क किंवा पेन ड्राइव्ह तयार करून ठेवावा अशी अपेक्षा असे, आणि तशी सूचना झळकली की ती बंद करून कामाला लागायचे, हे मामांनी केले तसेच मीही अनेकदा केलेले आहे. ही व्यवस्था विंडोज बिघडल्यास उपयोगी पडते, पण डिस्कच निकामी झाली तर घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखी गत होते.

जवळच्या एका दुकानात ५०० रुपयांत 'विंडोज टाकून' मिळत होते, वर ऑफिस फुकट. ही प्रत अर्थातच क्रॅक केलेली, म्हणजे परवान्याशिवाय चालणारी, असणार होती. मी नकार दिला, त्यात सचोटीचा भाग होताच, पण त्याहून साधे कारण म्हणजे विंडोजचे पैसे मामांनी लॅपटॉपच्या किमतीत आधीच भरलेले होते. विंडोज ७ च्या काळात पंचवीस अक्षरांची प्रॉडक्ट की, म्हणजे परवान्याचा क्रमांक, लॅपटॉपच्या तळाशी एका स्टिकरवर छापलेली असे आणि काही वर्षांत ती घासून पुसट होई. २०१२ साली विंडोज ८ आल्यापासून कंपन्या ही की फर्मवेअरमध्येच, म्हणजे मदरबोर्ड या मुख्य पाटीवरच्या चिपमध्ये कायम राहणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, साठवू लागल्या. त्यामुळे डिस्क बदलली तरी परवाना जागच्या जागी राहतो. मदरबोर्ड बदलला तर मात्र तो जातो. रिकव्हरी डिस्क नाही म्हणून विंडोजच गमावले, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक त्या डिस्कमध्ये मुख्यतः विंडोज आणि त्या लॅपटॉपचे ड्रायव्हर (वायफाय, टचपॅड असे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) बांधून दिलेले असतात आणि दोन्ही वेगवेगळे मिळवता येतात.

निकामी हार्ड डिस्कच्या जागी बसवायला मी २४० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, आणली. ती ठीक आहे ना हे पाहण्यासाठी आधी केबलने माझ्या लॅपटॉपला जोडली आणि डिस्कची मांडणी कोणत्या पद्धतीची हवी असे विंडोजने विचारल्यावर जीपीटी हा नव्या पद्धतीचा पर्याय निवडला. मग ती मामांच्या लॅपटॉपमध्ये बसवली आणि मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल हा मोफत प्रोग्रॅम उतरवून घेतला. तो किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज १० भरून देतो, मात्र त्यावर आधी जे काही असेल ते सगळे पुसतो.

खरा खोळंबा त्यानंतर झाला. लॅपटॉप कशावरून सुरू करायचा हे विचारणाऱ्या बूट मेनूमध्ये तोच पेन ड्राइव्ह दोन ओळींत दिसत होता, एका ओळीच्या आधी 'यूईएफआय' असे लिहिलेले होते आणि दुसरीच्या आधी काहीच नव्हते. यूईएफआय ही लॅपटॉप सुरू होण्याची नवी पद्धत, तिला जीपीटी डिस्क लागते; दुसरी ओळ जुन्या पद्धतीची, तिला एमबीआर लागते. मी घाईने दुसरी ओळ निवडली. डिस्क निवडण्याच्या टप्प्यावर सेटअपने सांगितले, की ही डिस्क जीपीटी पद्धतीची असल्यामुळे हिच्यावर विंडोज बसवता येणार नाही. अशा वेळी डिस्क पुसून जुन्या एमबीआर पद्धतीची करून घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला उलटा वाटतो. डिस्कमध्ये काहीच चूक नव्हती, चुकीच्या दाराने शिरलो होतो मी. लॅपटॉप पुन्हा सुरू करून 'यूईएफआय' लिहिलेली ओळ निवडली आणि पुढचे काम अर्ध्या तासात आटोपले. सेटअपने की विचारली नाही आणि आवृत्ती कोणती हवी हेही विचारले नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपमध्ये असते ती 'होम सिंगल लँग्वेज' त्याने फर्मवेअरमधील की वाचून स्वतःच निवडली.

विंडोज सुरू झाले, पण वायफायचा पत्ता नव्हता. ड्रायव्हर इंटरनेटवरून आणायचा आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा, हा पेच नेहमीचाच आहे. मी फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला देण्याची सोय, चालू केली, कारण अँड्रॉइड फोनच्या अशा जोडणीला लागणारा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये आधीपासून असतो. बाकीचे बरेचसे ड्रायव्हर विंडोज अपडेटने आणले आणि टचपॅडचा तेवढा लॅपटॉपच्या तळावरील मॉडेल क्रमांकावरून निर्मात्याच्या संकेतस्थळावर शोधावा लागला. सेटिंग्जमध्ये पाहिले, तर विंडोज तोवर सक्रिय झालेले होते.

मामांचे लेखन सुदैवाने एका पेन ड्राइव्हवर होते. त्यातली फाइल उघडली, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा काला समोर आला. "व्हायरस असेल का रे?" मामांनी घाबरून विचारले. व्हायरस नव्हता, जुना मजकूर युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमध्ये टंकलेला होता (युनिकोड म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे कोणत्याही संगणकावर सारखीच दिसावीत यासाठीची पद्धत; जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप दिलेले असे) आणि तो फाँट निकामी डिस्कसोबत गेला होता. अशी वस्तू कोणत्याही कंपनीच्या रिकव्हरी डिस्कवर सापडली नसती. वाचनालयासमोरच्या डीटीपीवाल्याच्या संगणकावर ती मिळाली. मी फाँट बसवून दिला आणि यापुढचे लेखन युनिकोडमध्ये व्हावे म्हणून विंडोजमधला मराठी फोनेटिक कीबोर्डही सुरू करून दिला. मामांनी मान डोलावली, जुनी फाइल पुन्हा उघडली आणि पहिल्याच पानावरची ऱ्हस्वदीर्घाची चूक सुधारायला घेतली. विंडोजचा पेन ड्राइव्ह मी खोक्यात, पावतीशेजारी ठेवून दिला.