आईला टेकायला जागा मिळाली नाही

भाच्याच्या मुंजीसाठी मिनियापोलिसहून दादरला आलेय. आईला रोजच्या वापराचे दोन कुर्ते हवे होते, म्हणून लोअर परळच्या एका मॉलमधल्या मोठ्या दुकानात गेलो.

आत शिरताच अमेरिकेतलं दुकानच समोर उभं राहिलं. दारापाशी मोकळी जागा, मग उजव्या हाताला नव्या मालाची टेबलं, सेलचा माल पार मागच्या भिंतीला. वर नेणारा सरकता जिना एका टोकाला आणि खाली आणणारा दुसऱ्या टोकाला, म्हणजे अख्खा मजला तुडवल्याशिवाय सुटका नाही. दुकानांत गिऱ्हाइकांच्या मागे फिरून नोंदी करणारे पॅको अंडरहिल सांगतात, की दारातून येणारा माणूस पहिली काही पावलं रस्त्याच्याच वेगात असतो. तिथे मांडलेलं त्याला दिसत नाही. पुढे बहुतेक जण उजवीकडे वळतात. म्हणून ही मांडणी.

पण माझी आई अडुसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे बदललेले. तिने तिथल्या मुलीला विचारलं, "बाळा, जरा टेकायला काही आहे का गं?"

"आंटी, ट्रायल रूममध्ये स्टूल आहे."

आई हातात एक टॉप धरून ट्रायलच्या रांगेत उभी राहिली. नुसतं बसायला मिळावं म्हणून. तीन मजल्यांत एक खुर्ची नसावी? मला फार लागलं ते.

मॉल म्हणून मॉलला मी वाईट म्हणणार नाही. आमच्याजवळच्या इडायना गावात साउथडेल आहे, 1956 साली उघडलेला, छताखालचा, ऊब राखणारा. उणे वीस तापमानात लेकीला घेऊन मी तिथेच फिरते. आमच्या मिनेसोटा राज्यात कपड्यांवर विक्रीकर नाही, त्यामुळे एकाऐवजी तीन स्वेटर आले तरी मला ती उधळपट्टी वाटत नाही. साउथडेलचा आराखडा करणारे वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन मूळचे व्हिएन्नाचे. लोकांनी तिथे बसावं, भेटावं असं त्यांच्या मनात होतं. पुढे मॉलचं जे झालं ते पाहून त्यांनी हात झटकले.

दुसऱ्या दिवशी रानडे रोडला साडीसाठी गेलो. गादीवर मांडी घालणं आईला जमत नाही. कोणी काही सांगण्याआधीच पोऱ्याने प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. "काकू, आधी बसा, पाणी घ्या." मग माल तिच्यापाशी आला. घडीमागून घडी उलगडत गेली. समोर एवढा ढीग पडल्यावर रिकाम्या हाताने उठायला संकोच होतो, हे खरंच. एक घ्यायला गेलो आणि दोन घेतल्या. तरी आईला त्यासाठी एक पाऊलही चालावं लागलं नाही.

मोरपंखी साडीचा पदर दुकानदाराने दाराशी उजेडात नेऊन धरला. आईने बसल्या जागेवरून मान हलवली, "रंग हाच राहू द्या, काठ जरा बारीक दाखवा."