ओसानच्या वाट्याला न आलेली रात्र

नलूताई काल म्हणाल्या, "शेवटची रात्र किती सुंदर लिहिली आहे!" आणि तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. जपानी नाटककार चिकामात्सुने ओसाकातील ताकेमोतो-झा या बाहुलीनाट्यगृहासाठी लिहिलेल्या, 1721 मध्ये पहिल्यांदा सादर झालेल्या, आमिजिमा येथे जीव देणाऱ्या प्रेमी युगुलाच्या नाटकातली ती रात्र सुंदर आहे, हे मलाही मान्य आहे. कागदाचा व्यापारी जिहेई आणि गणिका कोहारू एकामागून एक पूल ओलांडत मरणाकडे निघतात, तेव्हा पुलांच्या नुसत्या नावांनीही जीव कासावीस होतो. पण ती रात्र त्या दोघांची आहे. जिहेईची पत्नी ओसान हिला नाटककाराने दुकान, मुले आणि कपड्यांचे कप्पे एवढेच दिले.

नाटकात सूर्यफूल कुठेही नाही, तरी ओसानचा विचार करताना मला तेच दिसत राहते. कोवळे सूर्यफूल दिवसभर सूर्यामागे मान फिरवते, हे सर्वांना ठाऊक असते. पण रात्री, सूर्य नसताना, त्याच्या देठाची पश्चिमेकडची बाजू अधिक वाढते आणि पहाटेपूर्वी ते आपले आपणच पुन्हा पूर्वेला वळते. ते वळणे कोणी पाहत नाही. नवऱ्याचा जीव वाचावा म्हणून ओसानने कोहारूला, त्याला सोडून दे असे विनवणारे पत्र गुपचूप लिहिलेले असते. आणि त्या पत्राला जागणारी कोहारू आता जीव देईल हे उमगताच, तिला पैसे भरून गणिकागृहातून सोडवण्यासाठी तीच ओसान साठवलेली चांदी बाहेर काढते, स्वतःचे आणि मुलांचे कपडे गहाण ठेवायला गोळा करते. मग तुझे काय, असे जिहेई विचारतो. मुलांची दाई होईन, नाहीतर स्वयंपाकीण, असे ती सांगते. त्या उत्तरापाशी मी दर वेळी थांबते. आमच्या घरात मान फिरवणे कोणाच्या वाट्याला आले, ते आज लिहीत नाही.

मासाहिरो शिनोदाच्या 1969 च्या चित्रपटात ओसान आणि कोहारू या दोन्ही भूमिका शिमा इवाशितानेच केल्या आहेत. ज्या चेहऱ्यासाठी जिहेई मरायला निघाला, तो घरातही होता.

मात्र पूर्ण उमललेले सूर्यफूल फिरणे थांबवते आणि पूर्वेकडे तोंड करून स्थिर राहते. हे आठवले तेव्हा जरा हलके वाटले. या वयात मीही फारशी वळत नाही, आणि त्याचे आता वाईटही वाटत नाही.

आमिजिमाला ते दोघे केस कापून संसार सोडतात, आणि ओसानला दिलेल्या शब्दासाठी शेजारी न मरता वेगवेगळ्या जागी मरतात. त्या रात्रीत ओसान आहे ती एवढीच, आणि मला ते पुरत नाही. वडिलांनी ओढत माहेरी नेलेली ओसान त्या पहाटे जागी होती की नाही, हे नाटक सांगत नाही. ती गाढ झोपली होती, असे मी धरून चालते. तिला जे करायचे होते, ते तिने दुसऱ्या अंकातच करून टाकले होते.