तुळई, दोन टीव्ही आणि एक लोहचुंबक

बेळगावच्या शहापूर भागातले आमचे जुने घर गेल्या उन्हाळ्यात उतरवले. कडीपाटाच्या घरातून काय काय निघते हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सांगायला नको. पण आमच्या माळ्यावर सागवानी तुळयांच्या सोबतीला दोन टीव्हीही निघाले. एक सरकत्या शटरच्या लाकडी पेटीतला कृष्णधवल, दुसरा नंतरच्या काळातला अवजड रंगीत.

रंगीत टीव्ही मी भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकला, ही माझी चूक. त्याने दारातच मागचे झाकण काढले, चित्रनळीची मान फोडली, तिच्यावरची तांब्याची कॉइल ओढून घेतली आणि उरलेले हातगाडीवर टाकून तो निघून गेला. आठवड्याने नाल्याच्या काठाला काचेचा ढीग दिसला. त्यातल्या एका मोठ्या तुकड्याच्या कोपऱ्यात आमच्या मुलाने लहानपणी चिकटवलेले क्रिकेटपटूचे चित्र अजून शाबूत होते.

मोठ्या रंगीत चित्रनळीच्या काचेत किलोभराहून जास्त शिसे असू शकते, कारण आत निर्माण होणारे क्ष-किरण अडवण्यासाठी ते मुद्दामच मिसळलेले असते. काच अखंड असेपर्यंत ते आत बांधलेले राहते. चुरा झाल्यावर मात्र त्यातले शिसे पाण्यामातीत झिरपू लागते, आणि आमच्याकडे नाल्याच्या पुढे भातशेती आहे. तांब्यासाठी वायरी जाळतात तोही प्रकार असाच. वायरीवरच्या पीव्हीसीच्या धुरातून आम्ल आणि डायॉक्सिन बाहेर पडतात. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जुना माल नोंदणीकृत केंद्रात मोडून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण भंगारवाला दारात येतो, रोख पैसे देतो, आणि केंद्र शोधत आपल्याला जावे लागते. नियम कागदावर अडतो तो नेमका इथे.

दुसऱ्या टीव्हीच्या वेळी मी शहाणा झालो होतो. बंद पडलेल्या चित्रनळीतही बराच काळ धोकादायक विद्युतभार साठून राहू शकतो, म्हणून पेटी स्वतः न उघडता टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडून उघडून घेतली. नळी आणि सर्किट बोर्ड पावती घेऊन नोंदणीकृत केंद्राकडे पाठवले, पेटी ठेवून घेतली आणि स्पीकर आमच्या सुतार मेस्त्रींनी मागून घेतला. कशाला, ते लगेच कळले नाही.

त्यांनी स्पीकरमागचे गोल लोहचुंबक सोडवून त्याला दोरी बांधली आणि तुळईवरून ते संथपणे फिरवू लागले. एका जागी ते टचकन चिकटले. वरून लाकूड पूर्ण गुळगुळीत, त्यावर रंगाचे थर. "हितं खिळा हाय बघा, काका," असे म्हणून त्यांनी पटाशीने उकरले, तर बोटभर लांबीचा, हाताने घडवलेला चौकोनी खिळा निघाला. असा एक खिळा रंध्याचे पाते किंवा यंत्राची करवत नासवतो, म्हणूनच बरेचजण जुन्या सागवानाच्या वाटेला जात नाहीत आणि ते सरळ सरपणात जाते. वास्तविक वर्षानुवर्षे वाळलेले असे लाकूड नव्यापेक्षा कमी वळते. आमच्या दोन तुळयांतून चार खिडक्यांच्या चौकटी आणि एक बाकडे झाले. टीव्हीच्या पेटीचे शटर अडकत होते. मेस्त्रींनी खाचेत मेणबत्ती घासली आणि ते सुरळीत सरकू लागले.

जुना तैलरंग खरवडताना मात्र मी लाकूड ओले करून घ्यायला आणि तोंडाला फडके बांधायला लावले. घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाख भागांत 90 भागांची मर्यादा 2016 च्या नियमांनी आली. आमच्या दारांवरचे रंग त्याच्या कितीतरी आधीचे.

राहिले प्लायवूड. त्यातला डिंक बहुधा फॉर्मल्डिहाइडचा असतो, वर सनमायका. मेस्त्री घेत नाहीत, भंगारवालाही घेत नाही. शेजारच्या काकूंनी बंबासाठी दोनदा मागितले आणि त्याचा धूर नको म्हणून दोन्ही वेळा मी नाही म्हटले, त्यामुळे त्या थोड्या रुसल्या आहेत. ते तुकडे अजून परसात पत्र्याखाली रचून ठेवलेले आहेत.