बिल कुणाच्या नावानं?

मनू फोनवर अगदी सहज बोलून गेली. मेसच्या आमटीत मीठ नसतं, रूममेट दोन वाजेपर्यंत दिवा बंद करत नाही, आणि मग जाता जाता, "पप्पा, माझा तो लेगोचा डबा ओमला देऊन टाका. काकू मागंच म्हणत होत्या." मी "देतो की" म्हटलं. मग गाडी पैशावर आली, मी पैसे पाठवले, फोन संपला. (आधी "ठेवतो पप्पा" म्हणायची, आपल्याकडच्या पोरी म्हणतात तसं. आता "ठेवते" म्हणते. असो.)

तेव्हापासून काहीतरी खुपतंय. आज शिरोलीच्या कारखान्यात दिवसभर हातात माप तपासायचं गेज आणि डोक्यात डबा. म्हटलं लिहून तरी बघावं.

तिचा डबा? कुठल्या हिशोबानं तिचा?

पहिला खोका तिच्या वाढदिवसाचा, हे मान्य. लाल छपराचं घर, दोन खिडक्या, दारात कुत्रं. तिनं ते एका बैठकीत लावलं, कुत्र्याचं बारसं केलं आणि विषय मिटवला. त्यानंतरचे सगळे खोके टेक्निकचे, म्हणजे लेगोचेच, पण गिअर-दांड्यांची यंत्रं जोडायचे. आता सांगा, तिसरीतली कुठली पोरगी वाढदिवसाला डिफरन्शियल मागते? आधी क्रेन, मग तो गिअरबॉक्सचा ट्रक, मग नुसत्या पिना आणि बीमची सुट्टी पिशवी. सगळं तिच्या नावानं आलं, तिच्यासमोर उघडलं आणि ती झोपल्यावर पुरं झालं. डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी, ती जोडून मी तिला दाखवली होती. एक चाक धरून दांडा फिरवला की दुसरं दुप्पट वेगानं कसं पळतं, वळणावर रिक्षाचं बाहेरचं चाक जास्त अंतर कसं कापतं. तिनं दोन्ही चाकं घट्ट धरली. "आता सगळंच थांबलं की," म्हणाली, आणि कुत्र्याकडं गेली.

आल्या आल्या डबा माळ्यावरून काढला आणि चादरीवर ओतला. ओमच्या विटा एकीकडं, बाकीचं दुसरीकडं, तासाभराचं काम. पण गिअर हाताला लागले की माझं काम थांबतं. ८ दात्यांचा, १६ चा, २४ चा, ४० चा, सगळे मॉड्यूल एकचे. म्हणजे जितके दाते तितके मिलिमीटर पिच व्यास (दाते एकमेकांत भिडतात तिथला व्यास). ८ ला २४ भिडवला की दोन्ही सेंटरमधलं अंतर १६ मिलिमीटर, आणि बीमची भोकं आठ-आठ मिलिमीटरवर. बरोबर दोन घरं! ८ ला ४० भिडवा, २४ मिलिमीटर, तीन घरं. कुठं घासून बसवायला नको, कुठं पॅकिंग नको. टेक्निक १९७७ साली बाजारात आलं. कागदावर हा हिशोब जमला तेव्हा तो जमवणारा माणूस खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आला असणार. मी तरी आलो असतो.

मग बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर काढला. कशाला, ते विचारू नका, इन्स्पेक्शनमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरं सुचत नाही. मनूच्या पहिल्या घरातली आठ बटणांची लाल वीट: रुंदी १५.८, बटणं सोडून उंची ९.६, बटणाचा व्यास ४.८. मग अलीकडच्या खोक्यातली तशीच वीट, निळी. १५.८, ९.६, ४.८. ह्या विटेचं पेटंट १९५८ चं. तेव्हाची वीट आजच्या विटेवर 'टक्' करून बसते आणि पाहिजे तेव्हा निघते, हे दोन्ही एकाच मापात साधायचं म्हणजे खाऊ नव्हे. जरा सैल झाली तर घर पडतं, जरा घट्ट झाली तर पोरगं रडतं. आमच्याकडं सकाळच्या आणि दुपारच्या शिफ्टचे दोन नग शेजारी ठेवले तर... जाऊ दे, त्यावर इथं नको.

व्हर्निअर लावताना एका पातळ प्लेटच्या कडेला दाताची खूण दिसली. क्षणभर गलबललो. लहानपणी चावली असणार बिचारी. चष्मा लावून नीट बघितलं. खूण रुंद, शेजारी थोडी मोकळी जागा, मग दुसरी खूण. पुढच्या दातांत फट आमच्या घरात एकालाच आहे. दोन पातळ प्लेटा एकमेकींवर चिकटल्या की नखानं निघत नाहीत, मग माणूस दात लावतो. म्हणजे पुरावा पण माझ्याच बाजूचा.

ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "तुम्हाला पोरीची आठवण येतीय, लेगोचं काय घेऊन बसलाय."

तसं नाही. म्हणजे तसंही असेल, पण आत्ता मी डब्याबद्दल बोलतोय.

खरं काय, तर पोरगी घरात होती तोवर माझी सोय होती. शाहूपुरीतल्या दुकानात गेलो की काउंटरवरचे काका स्वतःच विचारायचे, "ताईंचं प्रोजेक्ट का ओ?" आणि सर्व्हो मोटर, जंपर वायर, ब्रेडबोर्ड पुड्यात बांधायला लागायचे. मी हो म्हणायच्या आत बिलावर तिचं नाव. लेगोचाच माइंडस्टॉर्म्सचा संच पण तिचाच. रोबोट, सेन्सर, प्रोग्रॅमिंग, "पुढं उपयोगी पडेल" असं मी घरात समजावलं होतं. २०२२ अखेर कंपनीनं ती मालिकाच बंद केली, तेव्हा ह्या घरात वाईट फक्त मला वाटलं. थ्रीडी प्रिंटर आला तेव्हाही तेच, पोरीला इंजिनिअरिंगला कामाला येईल. मनू गेली बीकॉमला. प्रिंटर गॅलरीत आहे, वर जुनी ओढणी टाकून.

आता ती पुण्यात, आणि माझी ढाल तिच्याबरोबर गेली. ह्या वयाच्या माणसानं काय करायचं असतं ते ठरलेलं आहे. सकाळी रंकाळ्याला फेरी, रविवारी मटण, तालमीच्या कट्ट्यावर बसून फुटबॉलवर वाद. शेजारच्यांनी रिटायर व्हायला आल्यावर बुलेट घेतली, दर रविवारी जोतिबाला जाऊन येतात. त्यांना कुणी विचारत नाही, "पोराची का ओ?" मला मात्र दादा चार लोकांत म्हणतो, "अजून खेळतोयस व्हय रं?" सगळे हसतात, मीही हसतो. घरी आल्यावर प्रिंटरवरची ओढणी काढावीशी वाटत नाही. उद्या ओम डबा घेऊन जाईल आणि माझ्याकडं खेळायला म्हणून काय राहील? बँकेचं पासबुक.

हे लिहिलं आणि आण्णांचा भोवरा आठवला.

उद्यमनगरात लेथवर असताना आण्णांनी पितळेच्या तुकड्यातून भोवरा काढला होता. "पोरासाठी काढला," असं घरी सांगितलं. मला आठवतं ते असं: दुकानात सरफेस प्लेटवर, म्हणजे मापं तपासायच्या एकदम सपाट पाटीवर, जिच्यावर एरवी चहाचा ग्लास ठेवला तरी खेकसायचे, तिच्यावर आण्णा तो फिरवतायत, आणि सगळे मिस्त्री हातातलं काम सोडून वाकून बघतायत. भोवरा इतका सरळ उभा राहायचा की फिरतोय का थांबलाय कळायचं नाही. मी हात पुढं केला की आण्णा म्हणायचे, "थांब, पडंल."

पोरासाठी म्हणे!

म्हणजे ही खोड घरातलीच. गावातली पण म्हणता येईल. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्याजवळून माझी रोज ये-जा. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली इथं कोल्हापुरात स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि मग १९२० ला 'सैरंध्री' सिनेमा आणला. कॅमेरा चालला म्हणून स्तंभ झाला. पण त्याआधी सुटे भाग पसरून बसलेले असताना गल्लीतल्या कुणीतरी "हे काय चाललंय?" म्हटलंच असणार. मी त्यांच्या पंगतीला बसत नाही, माझं आपलं पाण्याच्या टाकीचं काम आहे.

टाकीचं काम असं. वरच्या टाकीत पाणी किती आहे ते खाली मोबाइलवर दिसावं. ईएसपी३२ चा बोर्ड, म्हणजे प्रोग्रॅम घालता येणारा छोटा कंट्रोलर, वायफाय त्यातच, आणि झाकणाला अल्ट्रासॉनिक सेन्सर. तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो, पाण्यावरून परत यायला लागलेला वेळ मोजतो, गुणिले आवाजाचा वेग, भागिले दोन. साधा सेन्सर टाकीतल्या वाफेनं गंजून गेला. आता वॉटरप्रूफ घ्यायचा, पण त्याला साधारण २० सेंटिमीटरच्या आतलं दिसतच नाही. म्हणजे टाकी काठोकाठ भरली की हा नेमका आंधळा. त्यावर उपाय म्हणजे झाकणावर उंच कॉलर छापून सेन्सर वर उचलायचा. तो पीएलएचा, म्हणजे प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकचा, चालणार नाही, साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो, एप्रिलमध्ये आपल्या गच्चीवर त्याचा पापड होईल. जास्त उष्णता सोसणारं पीईटीजी पाहिजे. हे सगळं मी हिला उत्साहानं सांगितलं. ही म्हणाली, "टाकी भरली की वरनं पाणी पडतंय की. कळतंय मला."

ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही. आजही नाही. तरी संध्याकाळी शाहूपुरीत गेलोच.

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "ताईंचं प्रोजेक्ट?" मग त्यांनाच आठवलं. "पर ताई पुण्याला गेल्या न्हवं? मग हे कुणाला?"

मागं कॉलेजची दोन पोरं उभी. मी म्हटलं, "मलाच."

मनाची तयारी करून होतो. ते हसतील, पोरं एकमेकांना कोपर मारतील, काहीतरी होईल. काका म्हणाले, "केबल मोठी लागंल काय? गच्चीवरनं खाली आणायची म्हणजे." मी म्हटलं, नको, वायफाय आहे. ते म्हणाले, "मग बेस." पोरांतला एक पुढं वाकून म्हणाला, "काका, पाच व्होल्टवर चालतोय ना हा? सेन्सरच्या इको पिनला दोन रेझिस्टर घाला, ईएसपीला तीन पॉइंट तीन व्होल्टच झेपतंय." हे मला ठाऊक होतं. तरी थांबून ऐकून घेतलं, आणि कुठले रेझिस्टर घालू तेही विचारलं. एक के आणि दोन के, म्हणजे हजार आणि दोन हजार ओहम. बरोबर सांगितलं पोरानं.

"बिल कुणाच्या नावानं करू?" काकांनी विचारलं.

माझं नाव सांगितलं. त्यांनी त्यात वेलांटी चुकवली. कधी लिहिलंच नव्हतं ना.

घरी येऊन परत चादरीवर बसलो. कुठंतरी वाचलेलं डोक्यात बसलंय: आठ बटणांच्या एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ तऱ्हांनी जोडता येतात. एका गणितज्ञानं संगणकाला जुंपून काढलेला आकडा आहे. ह्या डब्यातून मनूनं घर केलं. मी केलं ते पुस्तकात छापलेलं, पानामागून पान, एकही पिन इकडची तिकडं नाही. त्यामुळं मालकीच्या गप्पा मी जरा जपूनच मारलेल्या बऱ्या. ओम तर पुस्तक बघतच नाही. गेल्या दिवाळीत त्यानं माझ्या क्रेनचा हूक काढून म्हशीला शिंग लावलं होतं.

वाटणी झाली. विटा, खिडक्या, छप्पर, झाडं, माणसं सगळी ओमची. कुत्र्याचं मनूला विचारलं, तर मेसेज आला, "कुत्रं ठेवा." बरं वाटलं. का ते खोदत नाही. गिअर, बीम, दांडे, काळ्या पिना आणि करड्या पिना वेगवेगळ्या डब्यांत. काळ्या घट्ट बसतात, करड्या सैल फिरतात, एकत्र केल्या की शोधता शोधता जीव जातो. डब्यांवर मार्करनं माझं नाव टाकलं, वेलांटी नीट काढून.

एवढ्यात ही आली. ओमच्या ढिगाकडं बघितलं, माझ्या डब्यांकडं बघितलं.

"त्याला एक पण चाक दिलं नाहीसा? सात वर्षांचं पोरगं हाय ते."

चाकं देतो. चारही, टायरसकट. डिफरन्शियलचं तो दहावीला गेला की बघू.