राज्य कोण जिंकलं ते राहू द्या, डेलिगेट किती मिळाले?

अमेरिकेतल्या प्रायमरीचे, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणाऱ्या मतदानाचे, निकाल आपल्याकडे अगदी सोयीच्या वेळी येतात. फेब्रुवारीत साउथ कॅरोलायनातली मतदान केंद्रं संध्याकाळी सातला बंद होतात तेव्हा मुंबईत पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. कॅलिफोर्नियात रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेनऊ, चर्चगेट फास्टमध्ये एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरायची वेळ. (मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे सरकतात, मग हे सगळं तासभर आधी.) एवढ्यात न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या भाच्याचा फॉरवर्ड आलेला असतो: अमका ५१-४७ ने जिंकला. या आकड्यावरून उमेदवारीच्या शर्यतीत नेमकं काय झालं, ते जवळजवळ काहीच कळत नाही.

प्रायमरीत मतदार पक्षाचा उमेदवार थेट निवडत नाही. राज्याच्या वाट्याचे डेलिगेट, म्हणजे पक्षाचे प्रतिनिधी, कोणाच्या खात्यात किती जमा होणार, एवढंच तो ठरवतो. उमेदवारी देतात ते हे डेलिगेट, उन्हाळ्यातल्या राष्ट्रीय अधिवेशनात. २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे एकूण २,४२९ डेलिगेट होते आणि उमेदवारीला १,२१५ लागत होते. तेव्हा दोन प्रश्न वेगवेगळे ठेवायचे: कोणाला किती डेलिगेट, आणि डेलिगेट म्हणून प्रत्यक्ष कोण जाणार. बातम्या पहिल्याचं अर्धवट उत्तर देतात आणि दुसऱ्याला हातही लावत नाहीत.

अपूर्णांकांनी निवडणूक फिरते हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. जून २०२२ मध्ये विधान भवनात राज्यसभेच्या सहा जागांची मोजणी पहाटेपर्यंत चालली. कोटा ४१ चा होता. सहाव्या जागेसाठी पहिल्या पसंतीची ३३ मतं मिळवूनही संजय पवार पडले आणि २७ मिळवणारे धनंजय महाडिक दुसऱ्या पसंतीच्या जोरावर निवडून आले. डेमोक्रॅटिक प्रायमरीचं गणित याहून सोपं आहे, पण चकवे तितकेच.

डेमोक्रॅट्सकडे राज्याचे बांधील, म्हणजे प्रायमरीच्या निकालाप्रमाणे एकेका उमेदवाराच्या नावे लागणारे, डेलिगेट तीन गठ्ठ्यांत विभागलेले असतात. मूळ संख्येतले ७५ टक्के काँग्रेसच्या, म्हणजे त्यांच्या संसदेच्या, मतदारसंघांना वाटलेले. उरलेले २५ टक्के राज्यस्तरावरचे. आणि शिवाय मूळ संख्येच्या १५ टक्के इतक्या जास्तीच्या जागा पक्षाचे पदाधिकारी, महापौर, आमदार अशा मंडळींसाठी. पहिला गठ्ठा त्या त्या मतदारसंघातल्या मतांवरून, बाकीचे दोन संपूर्ण राज्याच्या मतांवरून. प्रत्येक गठ्ठ्याचा, आणि पहिल्या गठ्ठ्यात प्रत्येक मतदारसंघाचा, हिशेब स्वतंत्र होतो. राज्याची टक्केवारी एकूण डेलिगेटना गुणून उत्तर काढणाऱ्यांचा आकडा इथेच चुकतो.

हिशेबाची रीत अशी. १५ टक्क्यांखालचे सगळे उमेदवार आधी बाद करायचे. उरलेल्यांच्या मतांची बेरीज म्हणजे शंभर टक्के धरून नव्याने टक्केवारी काढायची, तिला जागांनी गुणायचं, पूर्णांक आधी वाटायचे आणि उरलेली जागा सर्वात मोठ्या अपूर्णांकाला द्यायची.

सहा जागांचा एक मतदारसंघ घेऊ. मतं ४६, २९, १४ आणि ११ टक्के. शेवटचे दोघे बाद. उरले ७५, त्यात पहिल्याचा वाटा ६१.३ टक्के, म्हणजे ३.६८ जागा, दुसऱ्याच्या २.३२. पूर्णांक तीन आणि दोन, उरलेली एक .६८ वाल्याला. निकाल ४-२. आता तिसऱ्याला १४ ऐवजी १५.१ मिळाले, दुसऱ्याचे २८ झाले, चौथा १०.९ वर आला आणि पहिला ४६ वरच राहिला असं धरा. उरलेल्यांची बेरीज ८९.१. पहिल्याच्या जागा ३.१०, दुसऱ्याच्या १.८९, तिसऱ्याच्या १.०२. निकाल ३-२-१. पहिल्याचं एकही मत कमी झालं नाही, तरी एक डेलिगेट गेला. आघाडीवरचा उमेदवार तिसऱ्या क्रमांकाच्या आकड्याकडे डोळे लावून बसतो, तो यासाठी.

पंधराची ही अट राज्याला वेगळी आणि मतदारसंघाला वेगळी लागते. २०२४ च्या मिशिगन प्रायमरीत गाझाच्या मुद्द्यावर बायडन यांचा निषेध म्हणून एक लाखावर डेमोक्रॅटिक मतदारांनी 'अनकमिटेड' या पर्यायावर खूण केली. राज्यभरात ती मतं १३ टक्क्यांच्या आसपास भरली, म्हणजे राज्यस्तरावर भोपळा. पण डिअरबॉर्न आणि अॅन आर्बर ज्यात येतात त्या दोन मतदारसंघांत त्यांनी पंधरा ओलांडले आणि दोन डेलिगेट मिळवले.

मात्र सगळ्यात जास्त फरक पडतो तो मतदारसंघातल्या जागा सम आहेत की विषम यावर. चार जागा असतील आणि दोघांत ६२-३८ अशी मतं पडली, तर वाटे येतात २.४८ आणि १.५२, आणि निकाल २-२. चोवीस टक्क्यांची आघाडी फुकट. ३-१ करायला साडेबासष्टच्या वर जावं लागतं. तीन जागांच्या मतदारसंघात मात्र ५१-४९ ला २-१ होतं. म्हणून प्रचाराचा पैसा आणि कार्यकर्ते विषम जागांच्या, अटीतटीच्या मतदारसंघांत ओतायचे. चार जागांच्या ठिकाणी पन्नासचे साठ करत बसण्यात काही अर्थ नसतो.

ओबामांच्या माणसांनी २००८ मध्ये हा हिशेब पुरता पचवला होता. ५ फेब्रुवारीला हिलरी क्लिंटन यांनी न्यू जर्सी सुमारे दहा टक्क्यांनी जिंकलं. अकरा लाखांवर मतं पडली होती. डेलिगेट झाले ५९-४८, नफा अकराचा. त्याच दिवशी आयडाहोत जेमतेम एकवीस हजार लोक कॉकसला, म्हणजे प्रायमरीऐवजी होणाऱ्या पक्षाच्या सभांना, जमले, ओबामांनी तिथे १५-३ असा फडशा पाडला आणि नफा झाला बाराचा. भाच्याच्या राज्यातला मोठा विजय बटाट्यांच्या राज्याने त्याच रात्री पुसून टाकला. बातम्यांत अर्थातच न्यू जर्सी गाजली.

रिपब्लिकनांची रीत निराळी. प्रत्येक मतदारसंघाला सरसकट तीन डेलिगेट, मग तो त्यांचा बालेकिल्ला असो की सॅन फ्रान्सिस्को. डेमोक्रॅट्स जिथे पक्षाला जास्त मतं पडतात तिथे जास्त जागा देतात. रिपब्लिकन देत नाहीत. त्यामुळे जिथे रिपब्लिकन मतदार थोडे, तिथे त्यांच्या एकेका मताचं वजन जास्त. शिवाय १५ मार्चच्या आधी मतदान घेणाऱ्या राज्यांनी जागा प्रमाणात वाटाव्यात आणि नंतरच्यांनी हवं तर जिंकेल त्याला सगळ्या द्याव्यात, असा ढोबळ नियम आहे. त्यात पळवाटही आहे: पन्नास टक्क्यांवर गेला तर सगळं त्याचंच, अशी अट लवकरच्या राज्यांनाही घालता येते. कॅलिफोर्नियाने ५ मार्च २०२४ ला तेच केलं आणि १६९ च्या १६९ जागा ट्रम्प यांच्या खात्यात गेल्या.

साउथ कॅरोलायनाला या नियमातून सवलत आहे. तिथे राज्यात पहिला येईल त्याला राज्यस्तरावरच्या सगळ्या जागा आणि प्रत्येक मतदारसंघात पहिला येईल त्याला तिथल्या तिन्ही. २०२४ मध्ये निकी हेली यांना त्यांच्याच राज्यात जवळपास ४० टक्के मतं मिळाली. पन्नासपैकी डेलिगेट मिळाले तीन, तेही चार्ल्सटनच्या किनारपट्टीचा एकच मतदारसंघ जिंकला म्हणून. उरलेले ४७ ट्रम्प यांचे.

आता खुर्चीत बसणारी माणसं. आपल्याकडे एबी फॉर्म कोणाच्या हातात पडला ते शेवटच्या रात्री कळतं. तिथे डेमोक्रॅट्सकडे निदान कागदावर तरी क्रम ठरलेला आहे. राज्याचा पक्ष डेलिगेट निवडीचा आराखडा बनवतो आणि राष्ट्रीय समितीकडून मंजूर करून घेतो. डेलिगेट व्हायचं असेल तर मुदतीत अर्ज आणि अमक्या उमेदवाराला पाठिंबा असल्याची लेखी हमी द्यायची. उमेदवाराची प्रचार यंत्रणा यादी तपासते आणि नको ती नावं छाटते. मग मतदारसंघाच्या जागा भरतात, त्यानंतर पदाधिकाऱ्यांच्या, आणि राज्यस्तरावरच्या सर्वात शेवटी. हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे: स्त्री-पुरुष प्रमाण किंवा वेगवेगळ्या समाजांचं प्रतिनिधित्व आधीच्या टप्प्यांत बिघडलं असेल, तर ते शेवटच्या गठ्ठ्यात सावरून घेता येतं. ज्यांना खरंच जायचं असतं त्यांनी यादी छाटली जाण्याआधी फोन करायचे असतात, नंतर नाही. आणि विमानाचं तिकीट, हॉटेल हा खर्च बहुतेकदा स्वतःच्या खिशातून.

हे सगळीकडे असंच नाही. कॅलिफोर्नियात रिपब्लिकन उमेदवार आपल्या डेलिगेटांची यादी स्वतःच देतो. इलिनॉयमध्ये रिपब्लिकन मतदारांपुढे मतदारसंघाच्या डेलिगेटांची नावंच मतपत्रिकेवर असत, शेजारी ते कोणाचे समर्थक हे छापलेलं, आणि तीन नावांवर खूण करायची. २०१६ मध्ये ट्रम्प यांच्या काही समर्थकांनी आपल्याच बाजूचं परदेशी वाटणारं, मुस्लिम वळणाचं नाव गाळलं. शेजारी 'ट्रम्प' छापलेलं असूनही त्या डेलिगेटना बाकीच्या दोघांपेक्षा काही हजार मतं कमी पडली. नावाला नाक मुरडण्यात आपल्याच नेत्याचं नुकसान करून घेतलं लोकांनी.

घोटाळे बहुतेक वेळा होतात ते तारखेवरून. प्रायमरीची तारीख बहुतेक ठिकाणी राज्याच्या कायद्याने ठरते आणि डेलिगेटना अधिवेशनात बसू द्यायचं की नाही हे पक्ष ठरवतो. दोघांचं जमलं नाही की मतदान होतं, पण जागा मिळत नाहीत. २००८ मध्ये मिशिगन आणि फ्लोरिडाने जानेवारीतच मतदान उरकलं. डेमोक्रॅटिक पक्षाने शिक्षा म्हणून दोन्ही राज्यांचे सगळे डेलिगेट काढून घेतले. रिपब्लिकनांनी निम्मे कापले. मिशिगनच्या मतपत्रिकेवर तर ओबामांचं नावच नव्हतं. ३१ मेला नियम समितीने तोडगा काढला: प्रत्येक डेलिगेटला अर्धं मत, आणि मिशिगनचे डेलिगेट क्लिंटन यांना ६९, ओबामांना ५९ असे वाटून. या आकड्यांना कोणत्याही मतमोजणीचा आधार नव्हता, ती निव्वळ तडजोड होती. क्लिंटनची माणसं चिडली त्यात नवल नाही. ऑगस्टमध्ये, निकाल ठरून गेल्यावर, पूर्ण मतं परत दिली.

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात नातेवाईक असतील तर आणखी एक सांगून ठेवा. नागरिकत्व घेतल्यावर मतदार नोंदणी करताना अनेक जण 'कोणताही पक्ष नाही' ही खूण करतात. प्रायमरीत त्यांच्या घरी पोस्टाने मतपत्रिका येते, पण तिच्यावर अध्यक्षपदाची स्पर्धाच नसते. डेमोक्रॅटिक पक्ष अशा मतदारांना मत देऊ देतो, मात्र ती वेगळी मतपत्रिका आधी मागावी लागते. रिपब्लिकन प्रायमरीसाठी पक्षात नोंदणीच हवी. त्यातून 'अमेरिकन इंडिपेंडंट' नावाचा एक पक्षही तिथे आहे, आणि अपक्ष म्हणून नोंदवतोय अशा समजुतीने त्याच्यावर खूण करून फसणारे बरेच. कॅलिफोर्नियाची मोजणी पण लांबते: मतदानाच्या दिवसापर्यंत पोस्टाचा शिक्का बसलेली पत्रं सात दिवसांपर्यंत आली तरी चालतात. पंधरा टक्क्यांच्या काठावरचा उमेदवार त्यात वर-खाली होतो, म्हणून पहिल्या सकाळचा डेलिगेटांचा आकडा पेन्सिलीनेच लिहावा.

बांधील म्हणजे तरी किती? डेमोक्रॅट्सच्या नियमाचा आशय असा की डेलिगेटने आपल्याला निवडणाऱ्यांच्या भावना सद्सद्विवेकाने मांडाव्यात. त्यात शिक्षा नाही, कुलूपही नाही. एरवी हा प्रश्न पुस्तकी राहतो, कारण उमेदवाराने नावं चाळूनच घेतलेली असतात. २०२४ मध्ये तो पुस्तकी राहिला नाही. २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली तेव्हा त्यांच्या नावावर सुमारे ३,९०० डेलिगेट होते. ही मतं दुसऱ्याच्या नावे करून देण्याची सोय नियमांत नाही. त्यांनी हॅरिस यांना पाठिंबा दिला, पण प्रत्येक डेलिगेट मोकळा झाला होता. कोणालाही नाव पुढे करायचं तर ३०० डेलिगेटांच्या सह्या हव्या होत्या, एका राज्यातल्या पन्नासपेक्षा जास्त धरल्या जाणार नव्हत्या. राज्याराज्यांच्या शिष्टमंडळांनी पुढच्या दिवस-दोन दिवसांत ऑनलाइन बैठका घेऊन पाठिंबा जाहीर केला, ३०० सह्यांपर्यंत दुसरं कोणी पोचलं नाही, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मतदान होऊन उमेदवारी ठरली. शिकागोच्या अधिवेशनात राज्यागणिक नावं पुकारून जी मतं मांडली गेली, तो नुसता सोहळा होता.