"सही करून टाक म्हणावं"

दुभाष्याने "तो म्हणतोय" असं म्हणायचं नसतं. समोरचा "मी" म्हणाला की आपणही "मी"च म्हणायचं. पदरचं काही घालायचं नाही, गाळायचं नाही, सल्ला तर मुळीच नाही. वीस वर्षं हा नियम पाळला. त्या दिवशीही पाळला, आणि तेच डोक्यातून जात नाही.

व्हिडिओ कॉलवर तिघं होतो. जपानमधले बचावाचे वकील, भारतातून आरोपीचा थोरला भाऊ आणि मध्ये मी. धाकटा तिकडे पोलीस कोठडीत, सहावा दिवस. मारामारीत एकाला दुखापत झालेली. धाकटा म्हणत होता, मी भांडण सोडवायला गेलो होतो.

भावाचा पहिला प्रश्न ठरलेला, "जामीन कधी?" खटला दाखल होईपर्यंत तिथे जामीन मिळतच नाही. पोलिसांचे ४८ तास, सरकारी वकिलाचे २४ तास, मग न्यायाधीशाच्या हुकमाने १० दिवस आणि वाढवून आणखी १०. झाले २३. हे ऐकून भाऊ जरा वेळ गप्प. मग सहज म्हणाला, "मॅडम, त्यांना सांगा, माझ्या भावाला म्हणावं, पोलीस देतील त्यावर सही करून टाक. कशाला मार खायचा?"

मी शब्दाला शब्द सांगितलं. वकिलांनी मान डोलावली, वहीत टिपलं आणि जखमी माणसाशी तडजोडीच्या मुद्द्यावर गेले.

दोघांचंही समाधान झालं होतं, आणि दोघांनी वेगवेगळं ऐकलं होतं. आपल्याकडे पोलिसांपुढच्या कबुलीवर आरोपीला दोषी धरता येत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. भावाला कलमं ठाऊक नव्हती, पण "कोर्टात फिरवता येतं" हे पक्कं ठाऊक होतं. वकिलांच्या कानांनी मात्र ऐकलं की घरच्यांना वाटतंय, त्याने चूक कबूल करावी. तिथे पश्चात्तापाला वजन असतं. मनात आणलं तर सरकारी वकील खटलाच भरत नाही.

तिथला जबाब मी अनेकदा हाताळलाय. त्याला चोशो म्हणतात. आरोपी तुटक बोलतो, अधिकारी त्याची सलग हकीकत लिहितो, तीही "मी" करून. मला राग आला, मी ढकललं, असं. वकील त्या खोलीत नसतो. परदेशी माणसापुढे कागद जपानीच येतो. दुभाषी तोंडी सांगतो, खाली सही किंवा बोटाचा ठसा. घाईत सारांशावर भागवणारे दुभाषी मी पाहिलेत, आणि त्यांना माफ करायची माझी तयारी नाही. सही झाली की तो कागद कोर्टात पुरावा होतो. नुसत्या कबुलीवर शिक्षा नको असं जपानची राज्यघटनाही सांगते, पण जोडीला थोडंफार काही मिळालं की झालं.

हे सगळं मला कळत होतं आणि मी तडजोडीच्या रकमेचं भाषांतर करत बसले होते. भाऊ मध्येच म्हणाला, "म्हणजे पैसे चारायचे का?" तेव्हा कुठे धीर झाला. शब्दाचा अर्थ स्पष्ट करायला दुभाष्याला बोलणं मध्येच थांबवता येतं. तडजोड म्हणजे लाच नव्हे, हे वकिलांकडून वदवून घेतलं आणि लगेच म्हटलं, "मघाच्या 'सही'बद्दलही गैरसमज झालाय असं वाटतं. दोन्ही देशांत तिचा परिणाम एकच होतो का, हे यांना सांगाल?"

वकिलांनी पेन खाली ठेवलं. समजावून झालं तसा भावाचा चेहरा उतरला.

"मॅडम, त्याचा रूममेट आज सकाळी भेटायला गेला होता. त्याच्याबरोबर निरोप धाडलाय."

वकिलांनी घड्याळ पाहिलं. उद्या सकाळी जाणार होते. "आत्ता निघतो," म्हणाले आणि कोट चढवता चढवताच कॉल बंद केला.

बिलाच्या फॉर्मवर मी ४७ मिनिटं लिहिली. त्यातली नऊ मी गप्प होते. पुढचं काम दुसऱ्या दुभाष्याकडे गेलं. सही झाली होती की नव्हती, मला कुणी कळवलं नाही. कळवायची पद्धतही नाही.