प्रतिमा आहे, पण मोजमाप हरवले आहे

गेल्या पावसाळ्यात आमच्या पाषाणच्या प्रयोगशाळेत एक विद्यार्थिनी झेब्राफिशच्या भ्रूणांच्या सहा वर्षांपूर्वीच्या प्रतिमा घेऊन माझ्याकडे आली. तिला भ्रूणाच्या डोळ्याचा व्यास मोजायचा होता. प्रतिमा सुबक होत्या, परंतु कोणीतरी त्या जेपेगमध्ये काढून ठेवल्या होत्या. त्यामुळे प्रत्येक पिक्सेलची तेजस्विता १६ बिटांऐवजी ८ बिटांत, म्हणजे खूपच कमी छटांत, उरली होती आणि एका पिक्सेलची रुंदी किती मायक्रोमीटर, ही नोंदच नाहीशी झाली होती. ‘मॅडम, अंदाजे धरलं तर चालेल का?’ असे तिने विचारले. मला नाही म्हणावे लागले.

मूळ फाइल जागा मोकळी करताना पुसल्या गेल्या होत्या. त्या सूक्ष्मदर्शकासोबत आलेले सॉफ्टवेअर एकाच संगणकावर चालत असे, तो संगणक भंगारात गेला, आणि ‘आता या उघडणारच नाहीत’ असे सर्वांनी गृहीत धरले. खरे तर त्या उघडल्या असत्या. झाइसचे सीझेडआय, लायकाचे लिफ, निकॉनचे एनडी-टू अशी सूक्ष्मदर्शकांची दीडशेहून अधिक फाइल-स्वरूपे वाचणारी ‘बायो-फॉरमॅट्स’ ही मुक्त प्रणाली ‘ओपन मायक्रोस्कोपी एन्व्हायर्नमेंट’, म्हणजे ओएमई, या गटाने अनेक वर्षांपासून उपलब्ध करून दिली आहे आणि ती ‘फिजी’ या प्रतिमा-विश्लेषणाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्येच येते. आमच्याकडे कोणी विचारलेच नाही. त्यात मीही आले.

याच गटाचे ओएमई-टिफ हे स्वरूप साध्या टिफमध्येच पिक्सेलचा आकार, चॅनेल (प्रकाशाचा रंग), पातळ्या (वेगवेगळ्या खोलीवरचे छेद) आणि वेळ यांची नोंद एक्सएमएल या मजकुरी स्वरूपात ठेवते. लहान कामासाठी मी अजूनही तेच सुचवते. मात्र टिफ हे १९८६ सालचे स्वरूप आहे आणि फाइलमधील जागा दाखवण्यासाठी ते ३२ बिटांचे आकडे वापरते, त्यामुळे ४ जीबीच्या पलीकडे ते जात नाही. आमच्या कॅमेऱ्याची एक पातळी २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलची, १६ बिटांची, म्हणजे ८ एमबीची असते. अशा ५१२ पातळ्या झाल्या की मर्यादा संपते, आणि लाइट-शीट सूक्ष्मदर्शकावर तेवढ्या पातळ्या चहा पिऊन येईपर्यंत जमा होतात. ६४ बिटांच्या बिगटिफने ही भिंत पाडली, पण एवढी फाइल दुसऱ्याला पाठवायची कशी, हा प्रश्न त्याने सुटला नाही.

हडपसरच्या एका सहकाऱ्याला २ टीबीचा संच हवा होता. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर, ती अखंड पूर्ण वेगाने चालली असे मानले तरी, त्याला ४४ तास लागतात. म्हणून मी हार्ड डिस्क पिशवीत घालून, विद्यापीठ चौकातली गर्दी सोसत, स्कूटरने ती पोहोचवली. नंतर कळले की त्याला एकाच वेळेच्या नोंदीतील एका भ्रूणाचा फक्त डोळा पाहायचा होता.

ओएमई गटाचे दुसरे स्वरूप, ओएमई-झार, नेमके अशा गरजेसाठी आहे; ते ‘झार’ या तुकड्यांत साठवण्याच्या पद्धतीवर उभे आहे. त्यात प्रतिमा छोट्या तुकड्यांत कापून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे दाबून ठेवतात, आणि सोबत मूळ प्रतिमेच्या निम्म्या, पाव अशा उतरत्या आकाराच्या प्रतींचा पिरॅमिडही ठेवतात. लांबी-रुंदी दर पायरीला निम्मी होत असल्याने या सर्व प्रतींची मिळून जागा मूळ प्रतिमेच्या साधारण एक तृतीयांश असते. मला हा सौदा स्वस्त वाटतो. पाहणारा आधी लहान प्रत पाहतो, हवा तो भाग निवडतो आणि तेवढेच तुकडे साध्या वेबपत्त्यावरून मागवतो. २५६ गुणिले २५६ चा तुकडा दाबण्यापूर्वी १२८ केबीचा असतो. ५०० पिक्सेल रुंदीचा डोळा एका पातळीवर फार तर नऊ तुकड्यांत मावतो, म्हणजे जेमतेम सव्वा एमबी. प्रत्येक अक्षावर किती मायक्रोमीटर, हे शेजारच्या जेसन फाइलमध्ये साध्या मजकुरात लिहिलेले असते. ते वाचायला कोणत्याही कंपनीची डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची यूएसबी किल्ली) लागत नाही.

अडचणी आहेत. ५१२ पातळ्यांच्या एका संचात, प्रत्येक पातळीचे ६४ तुकडे धरले, तर ३२,७६८ फाइल होतात, आणि पिरॅमिड वेगळाच. आमच्या सर्व्हरचा रात्रीचा बॅकअप पहिल्याच आठवड्यात सकाळी अकरापर्यंत रेंगाळला आणि संगणक विभागाकडून फोन आला. झारच्या तिसऱ्या आवृत्तीत अनेक तुकडे एका फाइलमध्ये बांधण्याची सोय आहे आणि ओएमई-झार ०.५ त्याच आवृत्तीवर आधारलेले आहे, परंतु आमची काही जुनी साधने अजून ती वाचत नाहीत. शिवाय वस्तुभिंग (ऑब्जेक्टिव्ह) कोणते होते आणि लेझरची तीव्रता किती ठेवली होती, ही माहिती अक्षांच्या नोंदीत येत नाही. मूळ फाइलचे ओएमई-झारमध्ये रूपांतर करणारे बायोफॉरमॅट्स-टू-रॉ हे साधन मूळ नोंदींची एक्सएमएल फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवते. ती फाइल ‘फालतू’ समजून पुसू नये, असे मी दारावर लिहून लावले आहे.

आता रूपांतर त्याच दिवशी संध्याकाळी, सूक्ष्मदर्शक बंद करण्यापूर्वी होते. कोणत्याही तीन पातळ्यांवरील पिक्सेलच्या किमती मूळ फाइलशी ताडून पाहतो, पिक्सेलचा आकार वहीत लिहितो, आणि मूळ फाइल वेगळ्या डिस्कवर जाते. ती पुसण्याची परवानगी सध्या तरी कोणालाच नाही, मलासुद्धा.